खिशातला चाकू घेताना: कोणती अवजारं हवीत, कोणती नुसतं ओझं

बरीच अवजारं असलेला घडीचा चाकू घ्यायचा म्हणून दुकानात गेलात की काचेखाली लाल मुठींची रांग दिसते. प्रत्येकाचं नाव वेगळं, किंमत वेगळी, आणि फरक विचारला की उत्तर येतं, "यात बारा फंक्शन आहेत, त्यात चौदा." हा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. त्या मोजणीत दातकोरणं हे एक फंक्शन असतं, किल्ली अडकवायची कडी हे दुसरं आणि वायर सोलायची खाच हे तिसरं. चौदावाला बारावाल्यापेक्षा तुमच्या जास्त कामाचा असेलच असं नाही.

मी गेली बरीच वर्षं असा चाकू रोज जवळ बाळगते, आणि ओळखीपाळखीतल्या अनेकांना तो निवडायला मदत केली आहे. सगळ्यांचा गोंधळ एकाच जागी होतो: कोणती अवजारं "असावीत" याचा विचार होतो, कोणती रोज उघडली जातील याचा होत नाही. म्हणून ही क्रमवार माहिती. उदाहरणं मुख्यतः व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या चाकूंची आहेत, कारण त्यांची मापं ठरलेली आहेत आणि ते आपल्याकडे मिळतात. दुसऱ्या कंपनीचा घेतलात तरी निवडीची रीत हीच.

आधी हे जवळ ठेवा

- वही किंवा मोबाइलमधली नोंदींची जागा
- मोजपट्टी, मिलिमीटरच्या खुणा असलेली
- स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा
- रोज वापरता ती पर्स, पाऊच किंवा पॅन्ट
- खरेदीच्या वेळी: पक्कं बिल आणि वॉरंटीचा कागद. शिक्का आणि तारीख पाहूनच दुकान सोडा.

## १. आठवडाभर कामांची यादी करा

चाकू घेण्याआधी एक आठवडा, जेव्हा जेव्हा "आत्ता काहीतरी हवं होतं" असं वाटेल तेव्हा ते काम लिहून ठेवा. कल्पनेतली कामं नकोत. जंगलात हरवलात तर काय लागेल हे इथे लिहायचं नाही.

शहरात राहणाऱ्या माणसाची यादी साधारण अशी निघते: कुरिअरच्या खोक्यावरची चिकटपट्टी, दुधाची पिशवी, औषधाच्या गोळ्यांची पट्टी कापणं, कुर्त्याचा लोंबता दोरा, नव्या कपड्याची प्लास्टिकची खूण, ऑफिसात सफरचंद किंवा पेरू चिरणं, चष्म्याच्या काडीचा ढिला स्क्रू, रिमोटच्या मागचं झाकण, बोटात गेलेलं कुसळ, तुटलेलं नख, गाठ बसलेली सुतळी.

आता प्रत्येक कामापुढे ते कशाने झालं असतं ते लिहा: पातं, कात्री, स्क्रूड्रायव्हर, चिमटा, आरी (भोक पाडायची), पक्कड. आपल्याला पात्यासाठी चाकू हवा आहे असं समजून बसलेल्यांच्या यादीत अर्ध्याअधिक ओळींपुढे "कात्री" येते. दोरा, गोळ्यांची पट्टी, दुधाची पिशवी, नख, सगळीकडे कात्रीच. पातं बहुतेकदा दुसऱ्या नंबरावर असतं.

शेतावर, बागेत किंवा वायरिंगच्या कामात असणाऱ्यांची यादी वेगळी निघेल. म्हणूनच आठवडाभर थांबायला सांगते आहे.

## २. अवजारं मोजू नका, थर मोजा

हे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी निवड यावर उभी आहे.

घडीचा बहुअवजारी चाकू थरांनी बनतो. दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये एक अवजार, किंवा दोन्ही टोकांना एकेक अशी दोन अवजारं बसतात आणि मागून एक स्प्रिंग त्यांना दाबून धरते. पात्यांचा एक थर, डबा आणि बाटली उघडायच्या ओपनरांचा दुसरा, कात्रीचा तिसरा, करवतीचा चौथा. प्रत्येक थराने चाकू साधारण अडीच-तीन मिलिमीटरने जाड होतो, पक्कडीसारख्या अवजाराने त्याहून जास्त.

पण त्याच स्प्रिंगच्या दुसऱ्या बाजूलाही, म्हणजे चाकूच्या पाठीवर, अवजारं बसवता येतात. कॉर्कस्क्रू (वाइनच्या बाटलीचं बूच काढायचं वेटोळं), आरी, हुक ही सगळी पाठीवरची मंडळी. ती थर वाढवत नाहीत, वजनही नाममात्रच वाढवतात. एकाच स्प्रिंगकडून दोन्ही बाजूंचं काम करून घ्यायची ही युक्ती स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावच्या कार्ल एल्सेनरने १८९७ साली नोंदवलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूत वापरली, आणि आजचे लाल चाकू त्याच घडणीवर चालतात.

त्याआधी, १८९१ पासून तो स्विस सैन्याला साधा सैनिकी चाकू पुरवत होता. त्यात चारच अवजारं होती: पातं, आरी, डबा उघडायचं अवजार आणि स्क्रूड्रायव्हर. सैनिकाला डब्यातलं अन्न खायचं होतं आणि रायफल खोलून पुसायची होती, म्हणून ही चार. कॉर्कस्क्रू अधिकाऱ्यांच्या चाकूत आला, सैनिकाच्या नाही. काम आधी आणि अवजार मागून, हा क्रम तिथेही होता.

तेव्हा तुमच्या यादीतून थर ठरवा. बहुतेकांना दोन किंवा तीन थर पुरतात. चौथा घेताना स्वतःला कारण विचारा. पाचव्या थरानंतर चाकू खिशात राहत नाही. आधी बॅगेत जातो, मग घरच्या खणात, आणि खणात बसलेल्या चाकूत किती अवजारं आहेत याला काही अर्थ उरत नाही. 'स्विसचॅम्प' हे तेहतीस फंक्शनांचं प्रसिद्ध मॉडेल सुमारे १८५ ग्रॅमचं आहे. हातात घेऊन बघायला मजा येते, पण कुर्त्याच्या खिशात टाकलंत तर कुर्ता एका बाजूला ओढला जातो.

## ३. लांबी ठरवा

मिटलेल्या चाकूची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतात. कामाची मापं चार-पाचच आहेत.

५८ मिमी. किल्ल्यांच्या जुडग्यात राहणारा. 'क्लासिक एसडी' हा सर्वांत ओळखीचा: छोटं पातं, कात्री, टोकाला स्क्रूड्रायव्हर असलेली नखांची कानस, चिमटा, दातकोरणं. वजन एकवीस ग्रॅमच्या आसपास. पातं बोटाच्या दोन पेरांएवढं, त्यामुळे आंबा चिरायला बसू नका. पण चिकटपट्टी, दोरा आणि नख यांच्यापलीकडे तुमची यादी जात नसेल तर इथेच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही. ज्यांच्या कपड्यांना खिसेच नसतात अशा माझ्यासारख्या बायकांनी तर हा पर्याय आधी बघावा.

८४ मिमी. सडपातळ आणि हलका. यात पातं बरं असतं, पण बहुतेक मॉडेलांत कात्री नसते.

९१ मिमी. मधलं आणि सर्वांत जास्त प्रकारांत मिळणारं माप. मुठीत नीट बसतं आणि कात्रीही खऱ्या कामाची असते. पहिला चाकू घेणाऱ्याला मी डोळे मिटून हेच माप सांगते.

९३ मिमी. ॲल्युमिनियमच्या खरखरीत मुठीचा. मजबूत, पातळ आणि ओल्या हातातून न निसटणारा. पण मुठीत खाचा नसल्यामुळे चिमटा आणि दातकोरणं मिळत नाही. कुसळं काढायची वेळ वारंवार येत असेल तर विचार करा.

१११ मिमी आणि पुढे. हा हाताच्या कामाचा चाकू. पातं मोठं आणि उघडल्यावर कुलूप लागणारं. शेतात, डोंगरात उत्तम, पण लोकलच्या गर्दीत खिशातून काढलात तर शेजारचा माणूस सरकून बसेल.

मापाचा अंदाज घ्यायचा असेल तर पुठ्ठ्याचा तेवढा लांब तुकडा कापून, थरांइतका जाड होईल असा एकावर एक चिकटवा आणि दोन दिवस खिशात ठेवा. बसताना टोचतो का, फोनला घासतो का, ते कळतं. दुकानात उभ्या उभ्या हे कळत नाही.

## ४. पातं: एक की दोन, कुलूपवालं की साधं

९१ मिमीच्या बहुतेक चाकूंत एक मोठं आणि एक छोटं अशी दोन पाती एकाच थरात असतात. छोटं पातं काढून टाकावं असं अनेकांना वाटतं, पण ते वेगळी जागा घेत नाही. माझी विभागणी ठरलेली आहे: मोठं पातं खाण्याच्या पदार्थांसाठी, छोटं खोकी आणि चिकटपट्टीसाठी. पुठ्ठा धार लवकर बोथट करतो आणि चिकटपट्टीचा गोंद पात्याला बसतो. त्याच पात्याने पेरू चिरायचा म्हटलं तर जीव होत नाही.

पात्याला कुलूप हवं का? ९१ मिमीच्या चाकूत कुलूप नसतं, नुसती स्प्रिंग पात्याला धरून ठेवते. पात्याच्या टोकाने काही खुपसायला किंवा उचकटायला गेलात तर पातं उलटं मिटतं आणि बोटांवर येतं. नवख्यांना होणाऱ्या बहुतेक जखमा अशाच असतात. म्हणून भोक पाडायचं काम पात्याचं नव्हे, आरीचं. हे पथ्य पाळलंत तर रोजच्या कामाला कुलूप लागत नाही. लाकूड तासणं, दोरखंड कापणं अशी जोराची कामं नेहमी असतील तर मात्र कुलूपवालंच घ्या.

एका हाताने उघडणारं पातं आकर्षक दिसतं. खरंच एक हात सतत अडकलेला असणाऱ्यांसाठी ते ठीक आहे. इतरांसाठी हौस.

## ५. कात्री

इथे मी थोडी हट्टी आहे. पहिल्या पायरीतल्या यादीत कात्री तीनदा जरी आली असेल तरी कात्रीचा थर घ्या. ९१ मिमीच्या चाकूतली कात्री दिसते खेळण्यासारखी, पण कापड, औषधाची पट्टी, जखमेवरचं ड्रेसिंग, प्लास्टिकची जाड वेष्टनं हे सगळं कापते. शिवाय माणसांत वावरताना तिचा एक फायदा आहे: ऑफिसात किंवा एसटीत पातं उघडलं की चार डोळे वळतात, कात्री उघडली तर कुणी ढुंकूनही बघत नाही. लहान मुलाच्या शर्टाचा टॅग कापायला त्याच्या मानेजवळ पातं नेण्यापेक्षा कात्री कधीही बरी.

कात्रीचा कमकुवत भाग म्हणजे तिच्या दोन मुठींमधली बारीक स्प्रिंग. ती कधीतरी तुटते. ती बदलता येते आणि सुटी मिळते, तेव्हा चाकू घेतानाच एक जास्तीची मागून ठेवा.

## ६. पाठीवर काय: कॉर्कस्क्रू की फिलिप्स

पाठीवरची अवजारं फुकटात येतात असं वर म्हटलं, पण तिथे एक खरी निवड करावी लागते. मधल्या जागी एक तर कॉर्कस्क्रू येतो, नाहीतर फिलिप्स, म्हणजे दुकानदार ज्याला "स्टार" म्हणतात तो फुलीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर. 'स्पार्टन', 'क्लाइंबर', 'हंट्समन' ही कॉर्कस्क्रूवाली. 'टिंकर', 'सुपर टिंकर', 'फील्डमास्टर' ही फिलिप्सवाली.

आपल्याकडे बहुतेक जण लगेच म्हणतात, "आम्ही कुठे वाइन पितो, फिलिप्सच बरा." आणि पिणाऱ्यांचंही असं आहे की नाशिककडच्या बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं. तरी थांबा, कॉर्कस्क्रूची दुसरी दोन कामं आहेत.

पहिलं, गाठी सोडवणं. ओल्या सुतळीची, बुटाच्या नाडीची, तंबूच्या दोरीची घट्ट बसलेली गाठ कॉर्कस्क्रूचं टोक आत फिरवून ओढली की सुटते, दोर कापावा लागत नाही. दुसरं, त्याच्या वेटोळ्यांत चष्म्याच्या स्क्रूसाठीचा इवलासा स्क्रूड्रायव्हर फिरवून बसवता येतो. काही मॉडेलांत तो आधीच असतो, नसेल तर सुटा मिळतो. चष्मा वापरणाऱ्याला हे पुरेसं कारण आहे.

आणि फिलिप्स नसला तर अडतं का? डबा उघडायच्या अवजाराच्या टोकाला जो लहान सपाट स्क्रूड्रायव्हर असतो, तो बऱ्याच लहान-मध्यम फुलीच्या स्क्रूंमध्ये बसतो. रिमोट, खेळणी, मिक्सरच्या बुडाचे स्क्रू यांचं त्याने भागतं. दिवसातून अनेकदा फुलीचे स्क्रू फिरवायचे असतील तर मात्र फिलिप्स घ्या. पाठीवरचा फिलिप्स चाकूशी काटकोनात उघडतो, त्यामुळे जोर चांगला लागतो, पण भिंतीला लागून असलेल्या किंवा खोल बसलेल्या स्क्रूपर्यंत तो पोचत नाही. स्विचबोर्डाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. या चाकूंच्या मुठीत विजेपासून संरक्षण देणारं काही नसतं.

आरीबद्दल: चांभाराकडे असते तशीच, फक्त आखूड. पट्ट्याला जास्तीचं भोक पाडायला, कुंडीच्या प्लास्टिकला छिद्र करायला, नारळाचा डोळा फोडायला. पुष्कळ चाकूंत तिला दोरा ओवायचं नाकही असतं, त्याने बॅगेचा तुटलेला पट्टा जाड दोऱ्याने टाचता येतो. हीसुद्धा कुलूपाशिवायची असते, तेव्हा दाब सरळ द्या आणि बोटं घडीच्या बाजूला ठेवू नका.

हुक हे सगळ्यात चेष्टेचं धनी झालेलं अवजार. पण सुतळीने बांधलेलं जड पार्सल उचलून बघा. सुतळी बोटांत रुतते तेव्हा हुकात अडकवून मुठीने उचलायचं, त्यासाठीच तो आहे.

## ७. करवत, पक्कड, कानस आणि बाकीची गर्दी

करवत. अंगठ्याएवढ्या जाडीची काठी सहज आणि मनगटाएवढी घाम गाळून कापते. ट्रेकला जाणारे बरेच जण करवतीसाठी 'हंट्समन' घेतात. सह्याद्रीतल्या अभयारण्यांत आणि राखीव जंगलांत झाड तोडायला परवानगी नाही, त्यामुळे तिथे ती बाहेर काढायची वेळ येऊ नये. करवतीचं खरं काम घरी निघतं: गॅलरीतल्या जास्वंदीची छाटणी, पीव्हीसीचा पातळ पाइप, गुढीची काठी मापात करणं, गणपतीच्या मखरासाठी बांबू आणि जाड पुठ्ठा कापणं. बाग असेल तर घ्या. नसेल तर वर्षातून दोन सणांसाठी रोज पंधरा ग्रॅम वागवायचे का, हे तुम्ही ठरवा.

पक्कड. चाकूतली पक्कड बारीक असते. वाकलेली पिन सरळ करणं, अडकलेली झिप ओढणं, गरम झाकण धरणं एवढ्यापुरती. नट आवळायला ती नाही. तुमच्या यादीत पक्कड वारंवार येत असेल तर चाकू घेऊच नका, पक्कडीभोवती बांधलेलं मल्टिटूल घ्या. अमेरिकेतल्या टिम लेदरमन यांना १९७५ साली युरोपात जुनी फियाट घेऊन हिंडताना हीच उणीव जाणवली: खिशात चाकू होता, पण दुरुस्तीला पक्कड नव्हती. त्यातून बनलेलं त्यांचं अवजार १९८३ मध्ये विक्रीला आलं. वायरमन, सायकलवाले, प्रयोगशाळेत काम करणारे यांनी तिकडे बघावं. त्याबदल्यात वजन जवळपास दुप्पट-तिप्पट होतं, आणि पक्कडीच्या मुठीने फळ चिरणं काही सुखाचं नाही.

धातू कापायची कानस-करवत. फारच थोड्यांना लागते.

भिंग. वनस्पती बघणारे, नाणी-टपालतिकिटं जमवणारे, औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला धडपडणारे यांना उपयोगी. बाकीच्यांकडे मोबाइलचा कॅमेरा आहे.

माशाचे खवले काढायची पट्टी. हे अवजार असलेला चाकू घेऊन मासळीबाजारात जा आणि मावशींना दाखवा. त्या काय म्हणतील ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पेन, टाचणी, चिमटा. ही मुठीच्या खाचांत बसतात, थर घेत नाहीत. चिमटा आणि दातकोरणं हरवलं तर सुटं मिळतं. टाचणी आणि चिमटा ही जोडी कुसळ काढायला एकत्र वापरायची.

माझं मत विचाराल तर तीन जोड्या सांगते. ऑफिस-घर एवढंच असेल तर दोन थरांचा 'कॉम्पॅक्ट', यात मोठं पातं, कात्री आणि दोन्ही ओपनर एकत्र केलेलं एकच अवजार येतं, वजन साठ-पासष्ट ग्रॅम. सगळ्याला थोडं थोडं पुरणारा हवा असेल तर तीन थरांचा 'क्लाइंबर', सुमारे ८२ ग्रॅम, किंवा फिलिप्स हवा असेल तर तसाच 'सुपर टिंकर'. बाग किंवा शेत असेल तर चार थरांचा 'हंट्समन', सुमारे ९७ ग्रॅम, नाहीतर ॲल्युमिनियमच्या मुठीचा 'फार्मर'.

## ८. कायदा आणि तपासणी

आपल्या शस्त्र नियमांत परवाना लागणाऱ्या धारदार शस्त्रांचं माप दिलेलं आहे: पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी न बनवलेलं. खिशातला चाकू याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून अनेकांना वाटतं की तो कुठेही, कधीही नेता येतो. तसं नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी काही काळासाठी शस्त्रं, लाठ्या, चाकू बाळगायला बंदी घालू शकतात. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या सुमारास असे आदेश निघतात आणि वर्तमानपत्रात छोट्या चौकटीत छापून येतात. त्या दिवसांत, आणि मिरवणुकीत, सभेत, मतदान केंद्रावर जाताना तो घरी ठेवा. न्यायालयं, मंत्रालय, मोठ्या देवस्थानांचे दरवाजे, मॉल, मेट्रो इथे बॅग तपासतात. तिथे वाद घालू नका. "हा फळं कापायचा आहे" हे वाक्य सुरक्षा रक्षकाने तुमच्याआधी पुष्कळांकडून ऐकलेलं असतं.

खटका दाबताच पातं झटकन बाहेर उडणारा चाकू कुणी "तोच तर भारी" म्हणून दाखवला तर हात लावू नका. रोजच्या कामात त्याचा काही फायदा नाही आणि तपासणीत तुमच्यावर संशय मात्र पक्का.

विमानात तो केबिनच्या बॅगेत कधीच ठेवू नका, चेक-इन सामानात टाका. सर्वांत जास्त चाकू गमावले जातात ते किल्ल्यांच्या जुडग्यातले, कारण ५८ मिमीवाला तिथे आहे हे माणूस विसरून गेलेला असतो. प्रवासाच्या आदल्या रात्रीच जुडग्यातून काढा. नुसतं हातसामान घेऊन सतत फिरणाऱ्यांसाठी 'जेटसेटर' नावाचं बिनपात्याचं छोटं मॉडेल निघालेलं आहे, पण त्यातल्या कात्रीवरही आक्षेप येऊ शकतो.

शिकायला किंवा नोकरीला परदेशी जाणाऱ्यांनी तिथला नियम आधी वाचावा. ब्रिटनमध्ये घडीचा, कुलूप न लागणारा आणि तीन इंचांपर्यंत धारेचा चाकू खास कारणाशिवाय बाळगता येतो. कुलूपवाला तसा चालत नाही. जर्मनीत एका हाताने उघडणारा आणि कुलूप लागणारा चाकू सबळ कारणाशिवाय जवळ ठेवता येत नाही. ९१ मिमीचा साधा चाकू दोन्हीकडच्या या अटींत बसतो, हे त्या मापाच्या बाजूचं आणखी एक कारण.

## ९. दुकानात काय तपासायचं

नकली चाकू भरपूर आहेत. पदपथावर, पर्यटनस्थळी आणि कधी कधी ऑनलाइनही लाल मूठ आणि पांढरा क्रॉस दिसला की लोक खरा समजतात. मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव आणि "स्विस मेड" ही अक्षरं स्वच्छ, खोल कोरलेली आहेत का पाहा. पुसट किंवा वाकडी असतील तर परत ठेवा.

मग प्रत्येक अवजार एकदा उघडून बंद करा. उघडताना आणि मिटताना टकटक असा ठाम आवाज आला पाहिजे आणि उघडल्यावर अवजार डावी-उजवीकडे डुगडुगता कामा नये. मिटलेला चाकू डोळ्यासमोर आडवा धरून उजेडाकडे बघा: थरांमध्ये कमीजास्त फटी दिसल्या तर दुसरा मागा. कात्रीने पातळ प्लास्टिकची पिशवी कापून पाहा. टोकापर्यंत कापली जायला हवी, दुमडता कामा नये. नखं आखूड असतील तर पात्यावरच्या खाचेत नख बसतं का हेही बघा. नव्या चाकूची स्प्रिंग कडक असते, पण अजिबात उघडताच येत नसेल तर तो तुमच्यासाठी नाही.

## १०. पहिल्या आठवड्यातली निगा

पहिले काही दिवस मिटताना लक्ष ठेवा. पात्याच्या पाठीवर तळवा ठेवून मिटायचं, बोटं खाचेच्या बाहेर. दोन अवजारं एकदम उघडी ठेवून काम करायचं नाही.

या चाकूंचं पोलाद सहज न गंजणारं असलं तरी कोकणातली आणि गोव्याची खारी हवा, पावसाळ्यातला घाम आणि आंब्याचा रस यांच्यापुढे त्याचंही फार चालत नाही. आधी बिजागरीत आणि स्प्रिंगवर तांबूस डाग येतात. फळ चिरल्यावर पातं पुसा. महिन्यातून एकदा सगळी अवजारं अर्धवट उघडून कोमट साबणपाण्यात हलवा, जुन्या दातब्रशने खिशातला कचरा काढा, पूर्ण वाळू द्या आणि बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल इथे नको, ते कालांतराने चिकट होऊन अवजारं जाम करतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन चालतं.

खोबरेल लागतं ते दुसऱ्या कामाला. फणस कापायचा असेल तर आधी पात्याला आणि हाताला खोबरेल चोळा, म्हणजे चीक धरत नाही. तरी बिजागरीत चीक गेलाच तर साबणाने निघणार नाही, थोडं तेलच सोडून, पातं उघडमिट करत तो मऊ करा आणि मग धुवा.

धार गेली की रस्त्यावरच्या धारवाल्याच्या चाकावर हा चाकू देऊ नका. ते चाक विळी-कोयत्यासाठी ठीक आहे, पण या पातळ पात्याचा बराचसा भाग एकाच वेळी खाऊन टाकतं आणि तापल्यामुळे पोलादाचं पाणीही उतरतं. बारीक दाण्याचा दगड घ्या, पातं पंधरा ते वीस अंशांत तिरपं धरा आणि दोन्ही बाजूंनी सारखे हात मारा. कागदाची कड न फाटता कापली गेली की पुरे. कात्रीला मात्र दगड लावू नका. ती बिघडली तर चाकू बिलासह सेवा केंद्रात पाठवा.